मोहरीचं एन्झाइम आणि उल्का देऊसकर

अमेरिकेत, आमच्या ॲन आर्बरमध्ये माणसं दोन प्रकारची. ज्यांनी काहीतरी शोधलंय ती, आणि ज्यांनी त्या शोधाची भांडी घासली ती. माझी शेजारीण उल्का देऊसकर दुसऱ्या प्रकारातली. इथल्या एका छोट्या खासगी संशोधन संस्थेत ती एकोणीस वर्षं एकाच टेबलापाशी उभी होती. मी आयटीतली, दर दोन वर्षांनी कंपनी बदलणारी. मला तिची काळजी वाटते, तिला माझी कीव येते, आणि आमचं उत्तम जमतं.

उल्काचं आयुष्य मोहरीच्या एका एन्झाइममध्ये गेलं. फोडणीतल्या मोहरीत निदान तडतडायची धमक असते. उल्काची मोहरी ही तिची रानटी चुलतबहीण, खायच्याही उपयोगाची नाही. ते एन्झाइम काय करतं हे तिने मला चहाच्या इतक्या कपांवर समजावलंय, की आता मीच व्याख्यान देऊ शकेन. झाड जमिनीतून गंधक ओढतं आणि त्याचं सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल बनवतं. त्यासाठी सेरीन नावाच्या रेणूवर आधी एक तात्पुरता तुकडा जोडतात, एसटीत जागा धरायला रुमाल टाकावा तसा. मग दुसरं एन्झाइम येतं, रुमाल उचलतं आणि तिथे गंधक बसवतं. उल्काचं एन्झाइम हे रुमाल टाकणारं. सिस्टीन पुरेसं झालं की तेच येऊन एन्झाइमच्या खाचेत बसतं आणि काम थांबतं. पुरे कधी म्हणायचं हे त्या एन्झाइमला कळतं. तिचा बॉस वॉल्टर याला ते अजून कळलेलं नाही.

ती खाच दिसायची तर एन्झाइमचा स्फटिक करून त्यावर एक्स-रे सोडावे लागतात. स्फटिकासाठी एन्झाइम ढीगभर लागतं, म्हणून ते जिवाणूंच्या पोटात बनवून घेतात. मग जिवाणू फोडायचे आणि तो रस्सा निकेलच्या मण्यांवरून सोडायचा. एन्झाइमला मुद्दाम लावलेली शेपटी निकेलला चिकटते, बाकी सगळं वाहून जातं. पण जिवाणूची स्वतःची एक-दोन प्रथिनंही चिवट असतात, आमंत्रण नसताना पंगतीला बसणाऱ्यांसारखी. म्हणून मणी दुसऱ्यांदा जरा कडक द्रावणाने धुवायचे. या दुसऱ्या धुण्यावरून उल्काने लॅबमधल्या तीन पिढ्यांना रडवलंय.

गेल्या जानेवारीत तिला स्फटिक मिळाला. सात वर्षांनी. कुरियरवर तिचा विश्वास नाही, त्यामुळे तो गारठवलेला डबा मांडीशी धरून ती, आणि बर्फात गाडी हाकत मी, अशी आमची वरात नेपरव्हिलच्या बाजूला एक्स-रेचं मोठं यंत्र आहे तिथवर गेली. चित्रं अप्रतिम आली. वॉल्टरने केक आणला. खाचेचा आकार यथावकाश निघेल, पण स्फटिक करायची कृती आणि त्याची मापं आधी छोट्या टिपणात छापायची, असं ठरलं. शुक्रवारी टिपण जाणार आणि त्याच्या आधारावर ग्रँटचा अर्जही. टिपणावर पहिलं नाव उल्काचं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

मंगळवारी ती माझ्याकडे आली आणि कोट न काढताच बसली.

"रत्ना, ते आपलं एन्झाइम नाहीये."

स्फटिकाची मापं आधी छापल्या गेलेल्या स्फटिकांच्या यादीशी ताडून बघायची असतात. पाच मिनिटांचं काम, सगळ्यात आधी करायचं. या विद्वानांनी ते केकनंतर केलं, तेही एकट्या उल्काने. मापं तंतोतंत जुळली, जिवाणूच्या एका प्रथिनाशी. वजन जवळपास सारखं, त्यामुळे आधी संशय आला नाही. नमुन्यात थोडं खरं एन्झाइमही होतं, म्हणून कामाची चाचणीही पास झाली. आणि स्फटिक झाला तो आगंतुकाचा.

"पण तू तर दोनदा धुतेस."

"या वेळी नाही धुतलं. दुसऱ्या वॉशमध्ये अर्धं एन्झाइम जातं. फार कमी होतं यार. म्हटलं, एकदा चालेल."

खरं सांगते, मला आधी हसू आलं. मग मी व्यवहाराचं बोलले, कारण माझ्याकडे तेवढंच असतं. "टिपणात खोटं काय आहे? स्फटिक मिळाला, मापं घेतली. पुढे स्ट्रक्चर सॉल्व्ह झालं नाही म्हणायचं. होतं असं कितीतरी जणांचं. ग्रँट गेली तर तुझी नोकरी जाईल, उल्का. पन्नाशीत कोण घेणार तुला?"

तिची मुलगी सावनी तिला न्यायला आली होती. दारातूनच म्हणाली, "मॉम, इट्स लिटरली जस्ट अ प्लांट."

उल्का माझ्याकडे वळली. मला म्हणाली, "मी इथे नवीन होते तेव्हा असंच एक टिपण वाचून स्फटिक करायला घेतला होता. दुसऱ्या कुणाचं होतं. तीच कृती, तीन वर्षं. येईच ना. मला वाटायचं माझाच हात वाईट. तेव्हा अमरावतीहून फोन आला, बाबांचं बरं नाही. म्हटलं, हा एवढा प्रयोग जमू दे, मग येते."

"मग?"

"बाबा गेले. नंतर कळलं, त्या लोकांचा स्फटिक नुसत्या मिठाचा होता. त्यांना माहीत होतं. छापून झाल्यावर कळलं होतं म्हणे, पण सांगितलं नाही कुणी."

 मी तिच्यासमोर चहा ठेवला, तो तिने घेतला नाही. मला माझीच लाज वाटत होती.

बुधवारी तिने सगळ्यांसमोर सांगितलं, दुसरं धुणं मी टाळलं, चूक माझी. वॉल्टरने तीनदा विचारलं, "आर यू शुअर?" टिपण गेलं नाही, ग्रँटही मिळाली नाही. जूनमध्ये लॅब बंद झाली. शेवटच्या आठवड्यात उल्काने तो बाद झालेला स्फटिक कसा आला, कोणत्या धुण्याने टळला असता, हे पानभर लिहून सगळ्यांना वाचता येईल अशा ठिकाणी टाकलं. त्यावर एकच नाव आहे, तिचं.