उपरण्याखालचा सौदा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना तर नाहीच — आणि आता ऐकायला ते उरलेही नाहीत. मग तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. ऐका म्हणजे झालं.

एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट. माझे सासरे, आबा, पारोळ्याच्या बैलबाजारात दलाल होते. तिथे भाव तोंडाने बोलत नसत. उपरण्याखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून ठरवायचं. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. शेवटी मूठ दाबली की सौदा पक्का. मग आभाळ कोसळलं तरी आबा शब्द फिरवायचे नाहीत.

सासूबाई गेल्या, तेव्हा आम्ही आबांना धुळ्याला आणलं. म्हातारचळ लागलाय, असं सगळे म्हणायचे. मुलाचं नाव विसरले, जेवल्याचं विसरले. मी सून, हेही विसरले — त्यांच्या लेखी मी बाजारातला कुणीतरी शेठ. घास भरवायला गेलं की ताट उडवायचे. एकदा धोतर बदलताना त्यांनी माझ्या कानशिलात ठेवून दिली. मी चुलीपाशी बसून रडायचे, आणि हा म्हातारा सुटत का नाही, असंही मनात यायचं. यायचंच.

मग एकदा त्यांनी उपरणं माझ्या हातावर टाकलं आणि माझी बोटं चाचपू लागले. मीही उगीच दाबली. काय खुलला त्यांचा चेहरा! तेव्हापासून आमचं जमलं. चार घास खायचे — सौदा. अंघोळ करायची — सौदा. घासाघीस करून जिंकले की गालातल्या गालात हसायचे. माझ्या बापानेही माझा हात इतका वेळ कधी धरला नव्हता. ते सुख खोटं नव्हतं.

आणि तेच मी वापरलं.

आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा दिवस. सकाळी सासूबाईंच्या नावाने थंड पाण्याची घागर भरली, पूजा झाली, हे गिरणीत गेले. मागच्या गल्लीत झोके टांगलेले, गौराईची गाणी कानावर येत होती. आबांपायी मला माहेरी जाता आलं नव्हतं. मी त्यांना अंगणात निंबाच्या सावलीत बसवलं आणि उपरण्याखाली मूठ दाबली — बैलजोडी घेऊन येते, तोवर इथून हलायचं नाही. लगेच परतणार होते मी. खरंच परतणार होते का?

झोक्यावर बसले आणि घर डोक्यातून गेलं. विसरण्याचा आजार काय एकट्या आबांनाच होता?

परतले तेव्हा सावली कुंपणापलीकडे गेली होती. आबा तिथेच, वैशाखाच्या उन्हात. ओठ फुटलेले, तळव्यांना फोड, धोतर ओलं. पितरांची घागर ओसरीवर, हाकेच्या अंतरावर, भरलेली.

"शेठ, मी हालनू नही," ते म्हणाले.

संध्याकाळी ह्यांनी ते फोड पाहिले आणि विचारलं. मी सांगितलं — आत निजवलं होतं, माझा जरा डोळा लागला, तर आबा कडी काढून बाहेर पळाले. आबा समोरच बसले होते. ज्या माणसाने शब्दासाठी अंग भाजून घेतलं, त्याला मी पळपुटा ठरवलं.

हे घाबरले. उद्या आग्रा रोडवर जाऊन ट्रकखाली येतील, म्हणाले. दावं आणलं, एक टोक आबांच्या घोट्याला बांधलं. बांधताना हे रडत होते. दुसरं टोक खाटेला बांध म्हणून माझ्या हातात दिलं. बाजारात सौदा झाला की दावं असंच घेणाऱ्याच्या हातात देतात.

आबांनी दाव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी इकाई गऊ का, शेठ?"

विकला गेलो का, विचारत होते. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. हे समोरच होते. मी उपरण्याखाली हात घातला आणि त्यांची मूठ दाबली.

दावं आलं आणि माझ्या दुपारी मोकळ्या झाल्या. मी झोपायचे, शेजारणीकडे जाऊन बसायचे. आबांनी मरेपर्यंत ते दावं एकदाही ओढून पाहिलं नाही.