न पाहता पास

आमच्या चर्चमध्ये लग्न ठरलं की पाद्रीसाहेब ओळीने तीन रविवार वधूवरांची नावं वाचतात आणि कोणाची हरकत असेल तर आताच सांगा, असं विचारतात. आम्ही याला ‘पुकार’ म्हणतो. विचारून झाल्यावर क्षणभर शांतता असते. जबलपूरच्या आमच्या इवल्याशा मराठी मंडळीत त्या क्षणी सगळ्यांच्या माना आपोआप डावीकडच्या तिसऱ्या बाकाकडे वळत. तिथे भाऊराव वैरागर बसत. लग्नाला त्यांनी कधी हरकत घेतली नव्हती. पण जगातल्या बाकी यच्चयावत गोष्टींना घेतली होती, त्यामुळे लोकांना त्यांचा भरवसा वाटत नसे.

भाऊराव तोफगोळ्यांच्या कारखान्यात एक्झामिनर होते आणि मी त्यांच्या हाताखाली. गोळ्याच्या टोकाला बसणारे पितळी भाग आमच्या टेबलावर येत. भाऊराव एकेक नग उचलत, उजेडाकडे धरत, नखाने टिचकी मारून कानाशी नेत आणि मग गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालत. बसला तर शिक्का, नाही बसला तर लाल रंगाचा ठिपका. तीस वर्षं हेच केल्यामुळे ते टेबल त्यांच्यासोबत सायकलवर बसून घरी येऊ लागलं होतं. बाजारात ते पपईला टिचकी मारून कान लावत. फळवाला म्हणायचा, “बाबूजी, लेना है कि डॉक्टरी करनी है?” नाताळच्या केकमध्ये ते विणकामाची सुई खुपसून बघत. प्रवचन लांबलं तर किती मिनिटं जास्त झालं ते पाद्रीसाहेबांना दाराशी सांगत, आणि वर म्हणत, “माल चांगला होता, पण मापात नव्हता.”

त्यांचा एक नियम होता. जो नग हातात घेतला नाही, त्यावर शिक्का मारायचा नाही. एकदा घाईच्या दिवसांत वरच्या साहेबांनी सांगितलं की ही पेटी खात्रीच्या माणसाने बांधली आहे, उघडू नका, शिक्का मारा. भाऊरावांनी पेटी उघडली. दोनशे नग होते. दोनशेही तपासले. एकातही खोट निघाली नाही. मी वैतागून म्हणालो की एवढा वेळ फुकट गेला. ते म्हणाले, “फुकट कसा? आता मला ठाऊक आहे. आधी तुला नुसतं वाटून राहिलं होतं.”

एका रविवारी विश्वास, आशा आणि प्रीती या तिघांवर प्रवचन झालं. तिघांना पंधरा-पंधरा मिनिटं मिळाली. दाराशी भाऊरावांनी हरकत घेतलीच. तीन भाग वेगवेगळे तपासले ते ठीक, म्हणाले, पण जोडणी कुठे दाखवली? आमच्याकडे सुटे भाग पास होतात आणि एकत्र बसवायला गेलं की एकमेकांत जात नाहीत. पाद्रीसाहेब बिचारे मऊ माणूस. ते म्हणाले, जोडणी मंचावर होत नाही, भाऊराव, ती घरी होते. भाऊरावांनी हे उत्तर कानाशी नेऊन ऐकल्यासारखी मान तिरपी केली आणि सायकलवर बसून गेले.

घरी म्हणजे नेपियर टाउनमधल्या भाड्याच्या दोन खोल्यांत, त्यांच्याशिवाय फक्त मुलगा रत्नाकर होता. बायको, अनसूयाबाई, तो नऊ वर्षांचा असताना गेल्या होत्या. रत्नाकर फौजेत सिग्नलच्या, म्हणजे संदेश पोचवणाऱ्या, तुकडीत लागला. बासष्टच्या मे महिन्यात त्याचं लग्न झालं. मुलगी विनता, मुलींच्या शाळेत शिकवायची. तिला पाहायला भाऊराव एकटेच गेले आणि तासभर प्रश्न विचारत बसले. शेवटी ती म्हणाली, “माझं तपासून झालं असेल तर आता मुलाला आणा. मला पण तपासायचं आहे.” भाऊराव हसत हसत घरी आले आणि आठ दिवस ज्याला त्याला हे सांगत सुटले.

रत्नाकर लग्नानंतर सहा आठवडे घरी होता. मग रजा संपली. ऑक्टोबरात चीनशी लढाई सुरू झाली. नोव्हेंबरपासून त्याची पत्रं बंद झाली.

कारखाना तेव्हा रात्रंदिवस चालू झाला. भोंगा वाजला की सायकलींचा लोंढा फाटकातून बाहेर पडे आणि दुसरा आत शिरे. भाऊराव एक दिवस घरी राहिले नाहीत. टेबलावर बसत, टिचकी मारत, कान लावत. फक्त कानाशी नग जरा जास्त वेळ धरत.

पुढच्या उन्हाळ्यात चीनने धरलेले कैदी सुटून आले. त्यांत रत्नाकर नव्हता. मग फौजेचं पत्र आलं. फौजेच्या कागदांत वारस म्हणून वडिलांचंच नाव राहिलं होतं, लग्नानंतर बदलायला त्याला सवड झाली नव्हती, म्हणून ते भाऊरावांना आलं. बेपत्ता आहे, मृत समजण्यात यावं, सोबतच्या कागदावर सही करून परत पाठवा. भाऊरावांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि अनसूयाबाईंच्या बायबलमध्ये ठेवून दिलं. सही केली नाही. पाद्रीसाहेब स्मरणाची प्रार्थना ठेवूया म्हणायला आले, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “ना शरीर, ना घड्याळ, ना गळ्यातली नंबराची पट्टी. काय पाहून सही करू? नग कुठाय?”

रत्नाकरची सायकल व्हरांड्यात होती. दर शनिवारी कामावरून आले की भाऊराव तिची चेन पुसत, तेल घालत, चाकात हवा भरत आणि अंगठ्याने दाबून बघत. विनता चहा घेऊन उंबऱ्यावर बसे. सून माहेरी जाईल, नाहीतर सासरा दुसरं बिऱ्हाड करील, असं लोकांना वाटलं होतं. त्यातलं काहीच झालं नाही. दोघं एकमेकांची खोडी काढत राहिली. पोळी जरा जाड झाली की ती आधीच ताट पुढे करून म्हणायची, “मामाजी, गेज आणू का?” सासऱ्याला मामाजी म्हणायची रीत तिने नागपूरकडून आणली होती. ते म्हणायचे, “डोळ्यांनीच रिजेक्ट दिसून राहिली. आण.” आणि चार खायचे.

अशी दोन वर्षं गेली.

चर्चमध्ये हार्मोनियम वाजवायला सिहोऱ्याहून श्रीपाद नावाचा मास्तर दर रविवारी बसने यायचा. म्हातारी आई, लग्न राहून गेलेलं, माणूस अतिशय सरळ, आणि ताल अतिशय संथ. भाऊराव त्याला म्हणत की तुझ्या गीतात माणूस उभा राहिला तर शेवटच्या कडव्यापर्यंत निवृत्त होतो. या श्रीपादने पासष्टच्या पावसाळ्यानंतर विनताला विचारलं. तिने नाही म्हणून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी गीतं आणखी संथ वाजवली. त्यावरून सगळ्या मंडळीला कळलं. कळलं नाही ते फक्त केसाएवढी चीर दहा हातांवरून ओळखणाऱ्या भाऊरावांना.

त्यांना शेवटी मीच सांगितलं. पाकिस्तानशी लढाई नुकतीच थांबली होती, आम्ही अजून जादा वेळ काम करत होतो. सांगताना मला भीती वाटत होती. भाऊरावांनी हातातला नग खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि म्हणाले, “हा झाला होता का तपासून?” झाला होता. त्यांनी तो पुन्हा तपासला.

तो शनिवार होता. मी त्यांच्यासोबतच घरी गेलो. त्यांनी सायकल उलटी उभी केली, पॅडल फिरवू लागले. विनता चहा घेऊन आली, उंबऱ्यावर बसली. फिरत्या चेनकडे बघतच त्यांनी विचारलं, “त्या बाजावाल्याला नाही काहून म्हटलं?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं.

“तुम्ही वाट पाहून राहिले, मामाजी.”

“आन तू?”

तिने त्यांचा कप उंबऱ्यावर ठेवला. ती म्हणाली, “मी थांबवलं. या पावसाळ्यात. एक दिवस प्रार्थनेला बसली आणि ‘त्यांना परत आण’ असं तोंडातून निघालंच नाही. ‘त्यांना जवळ ठेव’ असं निघालं. तुम्हाला सांगायची हिंमत नाही झाली.”

भाऊराव पॅडल फिरवत राहिले. तेल कधीच पुरेसं झालं होतं, जमिनीवर ठिपकत होतं. मग ते म्हणाले, “मग माझ्यासाठी बसून राहिली तू इथे.”

“चहा थंड होऊन राहिला,” ती म्हणाली.

त्या रविवारी उपासना झाल्यावर भाऊराव दाराशी थांबले नाहीत, पाद्रीसाहेबांच्या खोलीत गेले. मला साक्षीदार म्हणून नेलं. विनताला दुसरं लग्न करायचं तर पहिला नवरा हयात नसल्याचा कागद चर्चला हवा होता, आणि फौजेचा तो कागद सहीवाचून बायबलमध्ये घडी घालून पडला होता. त्यांनी तो उलगडून टेबलावर ठेवला. खिशातून पेन काढलं. शिक्का मारायची सवय असलेल्या त्या हाताला सही करायला एवढा वेळ लागताना मी कधी पाहिला नव्हता. पाद्रीसाहेब गहिवरून म्हणाले, “अखेर मान्य केलंत, भाऊराव.”

“मान्य नाही केलं,” भाऊराव म्हणाले. “मला आजही वाटते की तो येईल. पण माझ्या आशेच्या खुंटीला मी पोरीला टांगून ठेवलं जी. हे मापात नाही बसत.”

आणि सहीच्या खाली, जिथे आम्ही नगाबद्दल शेरा लिहितो तेवढ्या जागेत, त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: न पाहता पास. सरकारी कागदावर असं लिहू नये, हे पाद्रीसाहेबांना सुचवावंसं वाटलं असावं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि काही सुचवलं नाही.

विनताला समजवायला आणखी महिना लागला. ती म्हणायची, तुमचं जेवण कोण बघेल? ते म्हणायचे, जाड पोळ्यांपासून सुटका होईल. शेवटी ती रडली, मग हो म्हणाली.

जानेवारीत पुकार सुरू झाली. पहिल्या रविवारी पाद्रीसाहेबांनी नावं वाचली, हरकत विचारली, आणि सगळ्या माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या. भाऊराव समोर बघत बसले होते. दुसऱ्या रविवारी त्यांना खोकला आला तर पुढच्या बाकावरच्या बाईंच्या हातून गीतांचं पुस्तक पडलं. तिसऱ्या रविवारी हरकत विचारून झाली आणि भाऊराव उठून उभे राहिले.

हार्मोनियमशी बसलेला श्रीपाद पांढराफटक पडला. विनताने डोळे मिटले.

“हरकत नाही,” भाऊराव म्हणाले. “एवढंच सांगायचं आहे, की उद्या माझा रत्नाकर परत आला, तर त्याला जबाब मी देईन. या दोघांना कोणी काही विचारायचं नाही.” आणि बसले.

यानंतर गीत होतं. श्रीपादची बोटं पट्ट्यांवर पडेचनात. मंडळी उभी राहून वाट बघत राहिली, एक मिनिट, दोन मिनिटं. त्या दिवशी भाऊरावांनी उशीर मोजला नाही.

लग्नात वधूला हात धरून वेदीपर्यंत त्यांनीच नेलं. केकमध्ये सुई मात्र खुपसली. विनता सिहोऱ्याला गेली. भाऊराव दोन खोल्यांत एकटे राहिले, स्वतः पोळ्या करू लागले आणि त्या स्वतःच रिजेक्ट करू लागले. शनिवारी सायकल उलटी उभी राहायचीच. मी एकदा न राहवून म्हणालो की सही तर केली, आता हे कशाला? “कागदावर सही केली म्हणून चेन गंजू द्यायची का?” ते म्हणाले, आणि अंगठ्याने चाक दाबून बघितलं.

एकाहत्तरच्या डिसेंबरात, तिसरी लढाई पेटली त्याच शुक्रवारी ते गेले. दोन दिवसांचा ताप, बस. विमानहल्ल्याच्या भीतीने खिडक्यांच्या काचांवर आम्ही आधीच काळा कागद चिकटवून ठेवला होता, त्यामुळे खोलीत भरदुपारी अंधार होता. शनिवारी सकाळी दफन झालं. कारखान्यातून सुटी मिळाली तेवढी माणसं आली, बाकीच्यांच्या वाटचा भोंगा कबरस्तानापर्यंत ऐकू आला. श्रीपादने हार्मोनियम आणला नव्हता. त्याने नुसत्या आवाजात गीत म्हटलं, आणि घाईने म्हटलं, भाऊरावांना आवडलं असतं तसं.

परत आल्यावर विनता घरात गेली नाही. व्हरांड्यातच थांबली. सायकल भिंतीला टेकवलेली होती. तिने वाकून मागचं चाक अंगठ्याने दाबलं. हवा थोडी उतरली होती, आठवडाभरात उतरते तेवढी.

कोनाड्यात तेलाची डबी होती, शेजारी घडी घातलेलं फडकं. तिने पदर खोचला. श्रीपादला काही सांगावं लागलं नाही, त्याने सायकल उचलून उलटी उभी केली आणि पंप शोधायला आत गेला. विनता चांगल्या पांढऱ्या साडीत जमिनीवर बसली आणि एकेक कडी पुसत चेनला तेल घालू लागली.