काळ्या सकरची भूक

मला वाचवलं ते कादरचाचांनी. काय झालं ते पुढं सांगतेच, पण नाव आधी. उपकाराची गोष्ट सांगताना आधी माणूस सांगावा, मग प्रसंग, असं आमच्या गावाकडं मानतात.

रत्नागिरीत मी जिथं राहते त्या घराला लागूनच कादरचाचांचं घर. दोन्ही घरांच्या पडव्यांमध्ये एक बुटकी भिंत आहे, तेवढाच आडपडदा. चाचांचा जन्म जहाजावर स्वयंपाकी म्हणून गेला. समोर कोणीही आलं तरी ते ‘कसं काय’ विचारत नाहीत. ‘जेवलास?’ किंवा ‘जेवलीस?’ एवढंच. पोस्टमन असो, वीजमीटर बघायला आलेला असो, भांडायला आलेला असो. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाले, “जहाजावर मारामारी झाली ना गो बाय, तर कप्तान विचारायचा, सुरू कोणी केली. मी विचारायचा, उपाशी कोण हाय. कप्तानाच्या आधी मला जवाब सापडायचा.”

मी मराठवाड्यातली. आठवीत शाळा सुटली. ओळखीतून इथं आले ती अण्णांना सांभाळायला. अण्णा न्हाणीघरात घसरून पडले होते, कंबरेचं हाड मोडलेलं, तेव्हापासून अंथरुणावर. त्यांची सून, जिला मी वहिनी म्हणते, तिनं त्यांच्या पायाशी माशांची मोठी टाकी ठेवली होती. त्यात दोन गुबगुबीत गोल्डफिश, एक तांबडा, एक पांढरा. शेपट्या पदरासारख्या लोंबत, आणि दिवस भरलेली बाई चालावी तसे ते हळूहळू पोहायचे. अण्णांचा सगळा दिवस त्यांच्याकडं बघण्यात जायचा. काच हिरवी व्हायला लागली म्हणून वहिनीनं दुकानातून एक सकर मासा आणला. काळा, अंगावर खवल्यांचं चिलखत, आणि तोंड खालच्या बाजूला. त्या तोंडानं काचेला चिकटून बसायचा. दुकानदारानं सांगितलं होतं, हा घाण खातो, याला वेगळं काही घालायचं नाही. आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं.

वहिनी आणि दादा, म्हणजे अण्णांचा मुलगा, लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेले. घर, अण्णा आणि टाकी माझ्यावर. मला कामात नावं ठेवून घ्यायची नव्हती, म्हणून मी रोज सकाळी टाकीची काच ब्रशनं घासायची. लखलखीत ठेवायची.

एके सकाळी पांढऱ्याच्या कुशीवर डाग दिसला. खवले गेलेले, आतली कातडी लाल. अण्णा म्हणाले, “काय गं, ब्रश माशावरनं फिरवतेस की काचेवरनं?”

“नाही ओ अण्णा, मी माशाला हातसुद्धा लावला नाही.”

“मग तो काय भिंतीला धडकला?”

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुशीवरही तसाच डाग आला. मी भात कालवत होते आणि अण्णा फोनवर वहिनीला सांगत होते, “ही पोरगी माशांना खरवडते. जिवंत माशाला अशी, तर मला कशी सांभाळत असेल बघ.” मग फोन माझ्याकडं दिला तेव्हा वहिनी ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, “मी आले की बोलू.”

काम गेलं तर गावी जायचं, आणि गावी मामानं एक स्थळ बघून ठेवलं होतं. पोरगी परत येण्याची तेवढी घरचे वाट बघत होते. मी घरी सांगितलं होतं की इथं माझं पक्कं आहे. आता कोणत्या तोंडानं जाणार? माझं ताट मी तसंच झाकून ठेवलं.

पडवीत कपडे वाळत घालताना भिंतीपलीकडून आवाज आला, “जेवलीस?” मी नाही म्हणाले आणि रडायलाच लागले. चाचांनी सगळं ऐकलं आणि चप्पल पायात सरकवून आमच्याकडं आले.

टाकीपुढं उभे राहिले. मला वाटलं, जखम बघतील. त्यांनी बोट सकरकडं केलं. “ह्या काळ्याला काय घालतेस?”

“काही नाही. तो घाण खातो ना.”

“आणि घाण कुठं हाय?”

मी काचेकडं बघितलं. मीच घासलेली काच. तिच्यावर बोटाला लागेल एवढंही शेवाळ नव्हतं. वर तरंगणारे दाणे गोल्डफिश खाऊन टाकायचे, खाली काही पोचायचंच नाही.

अण्णा उशीवरनं म्हणाले, “कादर, तू आयुष्यभर मासे शिजवलेस. आता पाळायचं शिकवतोस होय?”

“शिजवले जास्त, पाळले थोडे. मुलगी सासरी गेली तेव्हा तिची टाकी माझ्या गळ्यात पडली. माझा एक एंजल मासा असाच सोलून मेला, तेव्हा समजलं. हा अंधारात हिंडतो. पोटाला नसलं की जो मासा हळू पोहतो त्याच्या अंगाचा चिकटा चोखतो. दाखवतो तुम्हाला.”

भर दुपारी त्यांनी खिडक्या लावल्या, टाकीवर अण्णांची काळी घोंगडी टाकली आणि मला अण्णांना उशीला टेकवून बसवायला सांगितलं. मग आम्ही तिघं बसून राहिलो. पंखा कुरकुरत होता. मला एकच भीती, घोंगडी उचलली आणि काहीच दिसलं नाही तर? मग माझं म्हणणं खोटंच ठरणार, आणि चाचांचंही. चाचा मात्र आरामात बसले होते, भात शिजायची वाट बघावी तसे.

बऱ्याच वेळानं त्यांनी मला मान हलवून खूण केली. मी घोंगडीचं टोक उचललं. पांढरा कोपऱ्यात निपचित उभा होता आणि सकर त्याच्या कुशीला जळूसारखा चिकटला होता. पांढऱ्यानं एकदा अंग झटकलं, पण सुटण्याइतका जोर त्याच्यात नव्हता.

अण्णा मान पुढं काढून बघत राहिले. “मेला चोर,” म्हणाले. “वहाळात फेकून दे त्याला, आत्ता.”

“वहाळात नाय,” चाचा म्हणाले. “हा आपल्या पाण्यातला नाय. तिथं पोसला तर आपल्या माशांची अंडी खाईल. आपल्या घरची पीडा दुसऱ्याच्या दारात नाय टाकायची. आणि चोर कशाला म्हणता, अण्णा? जहाजावर राशन संपल्यावर चांगला खलाशीपण कोठारात शिरतो.”

त्यांनी घरून टब आणला. साठवून ठेवलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून दोन्ही गोल्डफिश त्यात ठेवले. सकरच्या पाण्यात मीठ घालू दिलं नाही, त्याला सोसत नाही म्हणाले. त्याच्यासाठी काकडीची फोड वाफवून चमच्याला बांधली आणि तळाशी सोडली, लपायला एक फुटकं मडकं आडवं ठेवलं. दिवसभर त्यानं काकडीकडं बघितलंही नाही. सकाळी मात्र नुसती साल उरली होती.

राहिला होता फोन. मला वाटलं, चाचाच बोलतील वहिनीशी. ते अण्णांपुढं मोबाईल धरून उभे राहिले. “ज्या तोंडानं सांगितलं, त्याच तोंडानं सांगा.”

“मी काय कोर्टात आहे?”

“नाय. पण पोर जेवत नाय, अण्णा.”

अण्णांनी आढ्याकडं बघितलं, मग नंबर लावायला सांगितला. “अगं, माशाचं ते... सकर करत होता. पोरीचा हात नव्हता त्यात. मी बघितलं डोळ्यांनी.” एवढं बोलून त्यांनी फोन माझ्याकडं दिला आणि भिंतीकडं तोंड केलं. वहिनी म्हणाली, “बरं झालं कळलं. पांढऱ्याला जप, मी येईपर्यंत. आणि मी आल्यावर कुठं जाऊ नकोस.”

पांढरा जगला. कुशीवरची जागा अजून फिकट आहे, खवले नीट आले नाहीत. सकर चाचांच्या मोठ्या टाकीत गेला. तिथले मासे चपळ, त्यांच्या अंगाला हा लागू शकत नाही, आणि रोज संध्याकाळी त्याला त्याचं वेगळं ताट मिळतं. कधी काकडी, कधी दुधी.

त्या दिवशी फोन ठेवल्यावर चाचांनी घरून भात आणि कोळंबीचं कालवण आणलं, आणि मी शेवटचा घास घेईपर्यंत दारात बसून राहिले. मी म्हटलं, “चाचा, हे मी कसं फेडू?” त्यांनी रिकामं ताट उचललं. “मी पडलो की बघू गो.”

हसत बोलले, पण मी अंथरुणावरची माणसं बघते, मला हसू आलं नाही. त्यांची मुलगी लांब आहे, घरात दुसरं कोणी नाही. तो दिवस उशिरा येवो. पण आला तर मी गावी असेन, दुसऱ्या कामावर असेन, सासरी असेन, जिथं असेन तिथून येईन. त्यांना उठवायला, पुसायला, कुशीवर वळवायला परकी बाई लागणार नाही. अण्णांना सांभाळताना जेवढं शिकले, ते सगळं त्यांच्यासाठी करीन. हा माझा शब्द आहे, आणि तो मी चाचांना अजून सांगितलेला नाही.