विघ्नाच्या हातचा कोट

मास्तरांनी एका दुपारी इस्त्री उभी करून ठेवली आणि लोकरीच्या कापडावर ती पुन्हा कधी आडवी केली नाही.

झालं होतं एवढंच. वडिलांच्या कोटाचा पुढचा भाग टेबलावर पसरलेला होता. त्यावर ओलं फडकं घालून मास्तर नेहमीसारखी इस्त्री दाबत होते. वाफ निघाली, वास आला. ओल्या गरम लोकरीचा हा वास मास्तरांच्या नाकात मिसरूड फुटायच्या आधीपासून मुरलेला. त्यांच्या शर्टांना तो यायचा, उशीला यायचा, लग्नातल्या फोटोला नाक लावलं असतं तर तिथेही आला असता. पण त्या दिवशी मास्तरांना वास आलाच नाही, सरळ मेंढीच आली. अंगावरचं काढून घेतलेली, पाय बांधलेली, आडवी पडून वर बघणारी. मास्तरांनी फडकं उचलून दोरीवर वाळत टाकलं, दिवा मालवला आणि दुकान बंद करून घरी गेले.

मास्तर काही विचार करणाऱ्यांपैकी नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पन्नाशी उलटली तरी त्यांनी कुणाला उपदेश केला नव्हता की कुणाचा ऐकून घेतला नव्हता. माप घ्यावं, कापावं, शिवावं, जेवावं, झोपावं. अशा माणसाच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती बाहेर काढायला जागाच नसते.

घरी बायकोनं चहा पुढे ठेवला. मास्तरांनी तो परत तिच्याकडे सरकवला.

"दूध नको."

"का? पोट बिघडलंय?"

"पोट ठीक आहे. आजपासून नको. दूध, दही, अंडी, मध, प्राण्याचं काहीच नको."

बायकोनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मुलगी अर्ध्या रजेवर नुकतीच ऑफिसातून येऊन बूट काढत होती. तिनं मान वर केली. "बाबा, म्हणजे तुम्ही वीगन झालात!"

आतल्या खोलीतून खुर्ची करकरली. तिथे मास्तरांचे वडील बसायचे. सगळी गल्ली त्यांना थोरले मास्तर म्हणायची. दुकान त्यांचं, विद्या त्यांची, आणि आता उरलेलं ऐकू येणंही त्यांच्याच सोयीचं.

"काय झाला म्हणतेस तो?"

"वीगन, आजोबा! वीगन!"

"विघ्न?" थोरल्या मास्तरांनी शांतपणे मान डोलावली. "ते तो जन्मल्यापासून आहे. आज काय नवीन?"

मुलगी पोट धरून हसली. बायकोलाही हसू आवरेना. तिनं तो सरकवलेला चहा स्वतःच पिऊन टाकला. मास्तर तेवढे हसले नाहीत. त्या दिवसापासून घरात त्यांचं नाव विघ्न पडलं, आणि शब्दाबरोबर त्यांचं लिंगही बदललं. विघ्न आलं का दुकानातून? विघ्न जेवलं का? विघ्नाला सांगा, माझा चष्मा सापडत नाही.

जेवणाचं लवकरच मार्गी लागलं. डाळ, भात, भाजी, भाकरी खाणाऱ्या माणसाला सोडायला असं असतंच किती. आठवडाभर मास्तर चहाच्या वेळी उगाच चिडचिड करत, मग काळा चहा अंगवळणी पडला. खरी पंचाईत दुकानात झाली. एका सकाळी त्यांनी कपाटातलं सामान एकेक करून टेबलावर मांडलं. लोकर तर गेलीच, ती हात न लावता कपाटातच राहू दिली. अस्तराचं रेशीम किड्याचं. बटणं शिंगाची. कोटाच्या छातीला ताठपणा यावा म्हणून आत जे कापड घालतात, त्यात घोड्याचे केस. दोरा गुंतू नये म्हणून त्यावर ओढायचं मेणसुद्धा मधमाशीचं निघालं. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तान पितळेचं होतं म्हणून वाचलं. टेबलाच्या एका बाजूला अख्खं प्राणिसंग्रहालय आणि दुसऱ्या बाजूला कात्री, खडू, टेप, सुया. मास्तरांना जन्मात पहिल्यांदा आपल्या धंद्याची भीती वाटली.

तरी धंदा निभावला. सुती आणि लिननची कामं येत राहिली. लोकर घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांना ते हात जोडून समोरच्या शिंप्याकडे पाठवत. समोरच्याला हे स्वप्नातही वाटलं नव्हतं. तो बिचारा येता-जाता मास्तरांच्या तब्येतीची चौकशी करू लागला.

उरला तो वडिलांचा कोट. कच्चे टाके घातलेला, एक बाही लागलेली आणि एक न लागलेली, तसाच तो बायकोनं दुकानातल्या लाकडी पुतळ्यावर अडकवला आणि तिथेच लटकत राहिला.

या कोटामागे जुनी गोष्ट होती. थोरल्या मास्तरांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे कोट शिवले, स्वतःला एकही शिवला नाही. गडद करड्या कापडाचा एक उत्तम तुकडा त्यांनी डांबरगोळ्या घालून पेटीत जपला होता. आणि मुलाला शिवायला शिकवल्यापासून एक वाक्यही जपलं होतं. मास्तरांनी विशी गाठायच्या आधी पहिला कोट शिवला तेव्हा थोरले मास्तर हात मागे बांधून गिऱ्हाइकाभोवती फिरले आणि म्हणाले, "सगळं बरंय. कॉलर तेवढी जमली नाही तुला." मास्तर म्हणाले, "पुढच्या वेळी बघतो, अप्पा." पुढच्या वेळीही तेच झालं. त्याच्या पुढच्या वेळीही. गिऱ्हाइकं खूश होऊन जायची, लांबलांबून यायची, पण थोरल्या मास्तरांच्या मते कॉलर काही जमायची नाही. कॉलर मानेला लागून बसली पाहिजे आणि मानेला ते कळता कामा नये, असं त्यांचं म्हणणं.

आता त्यांचे हात कापू लागले होते, थंडी हाडांत शिरू लागली होती. हिवाळा तोंडावर आला तेव्हा त्यांनी स्वतः पेटी उघडून कापड मुलाच्या हातात दिलं. "एक कोट मला शीव. तुझ्या हातचा. डोळ्यांना दिसतंय तोवर कॉलर बघून घेतो." मास्तरांनी ते कापड कापताना श्वास रोखून धरला होता. ही एक कॉलर अशी बसवायची की म्हाताऱ्याला बोलायला तोंड उरता कामा नये, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. आणि नेमकी त्याच कोटावर मेंढी आली.

"पस्तीस वर्षं काय नाक चोंदलं होतं तुमचं?" बायको म्हणाली. "एवढा एक कोट पुरा करा, मग व्हा काय व्हायचं ते."

"नाही जमायचं."

"अहो, ती मेंढी काय कोट परत मागायला येणार आहे का? कापड विणून किती वर्षं झाली! अप्पा रात्रभर कुडकुडतात, ते दिसत नाही, आणि न बघितलेली मेंढी दिसते तुम्हाला."

बायकोचं म्हणणं खरं आहे हे त्यांना कळत होतं. पण कोटाकडे हात नेला की हात मध्येच थांबायचा, जसा एखाद्याचा झुरळाकडे नेताना थांबतो. यात कसलं तत्त्व नव्हतं की मोठेपणा नव्हता. हात जात नव्हता, एवढंच.

मग त्यांनी तोड काढली. जाड सुती कापड दुहेरी घेतलं, मध्ये कापूस भरला, लाकडी बटणं लावली. कॉलरीवर तर जीव ओतला. उसवली, बसवली, पुन्हा उसवली. शेवटी अशी बसली की त्यांना स्वतःलाच खरं वाटेना. घरी नेऊन त्यांनी तो कोट वडिलांच्या अंगावर चढवला आणि दोन पावलं मागे सरकून उभे राहिले.

थोरल्या मास्तरांनी बाही चिमटीत धरून दाबली. पोटावर थोपटून पाहिलं. "हा घालायचा आहे," त्यांनी विचारलं, "का याच्यावर झोपायचंय?"

"ऊब आहे, अप्पा."

"गादीलाही असते." त्यांनी तो काढून सुनेच्या हातात दिला. कॉलरीबद्दल अवाक्षर काढलं नाही, तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मास्तरांना तेच लागलं. गादी म्हटल्याचं काही वाटलं नव्हतं.

बायकोनं मग सरळ मार्ग सुचवला. कापलेला कोट समोरच्या शिंप्याकडून पुरा करून घ्यावा. यावर थोरले मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. "त्याच्याकडून? त्याच्या कॉलरीपेक्षा थंडी बरी!" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत, दोन स्वेटर आणि वर शाल अशा थाटात ते स्वतःच दुकानात हजर झाले. सून मागून धावत आली होती. खिडकीजवळच्या आपल्या जुन्या स्टुलावर बसत ते तिला म्हणाले, "सूनबाई, तो कोट काढून दे इकडे. विघ्न हात लावणार नाही त्याला."

तिनं पुतळ्यावरचा कोट काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. मास्तर टेबलामागे उभे होते, हातात खडू, समोर कुणाच्या तरी सुती पँटीचं कापड. थोरल्या मास्तरांनी सुई घेतली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि ओवायला लागले. दोरा एकीकडे, सुई दुसरीकडे. पुन्हा ओलं केलं. सुई थांबेना, दोरा थांबेना.

मास्तर पुढे झाले. त्यांच्या हातातली सुई काढून घेतली, ओवली, परत दिली. सुई लोखंडाची, दोरा सुताचा, यात मेंढीचं काही नाही, असा हिशेब त्यांनी मनात करून टाकला. कुणी मागितला नव्हता तरी.

मग तो रिवाजच झाला. सकाळी दुकान उघडलं की मास्तर ओळीनं सुया ओवून उशीत टोचून ठेवायचे. सून सासऱ्यांना आणून सोडायची, कोट मांडीवर द्यायची. थोरले मास्तर शिवायचे आणि मास्तर आपलं काम करत दुरून बघायचे. टाका कधी लांब पडे, कधी आखूड. खांद्याला चुणी पडली. बाही जरा मागे फिरली. शिंप्याच्या डोळ्याला ते खड्यासारखं बोचत होतं. एकदा म्हातारा बसल्या बसल्या डुलकी घेत असताना मास्तर उसवायची कात्री घेऊन अगदी जवळ गेले. चुकीचे टाके तेवढे काढले असते तरी चाललं असतं. पण बोटं कापडापाशी जाऊन थांबली, आणि या वेळी ती मेंढीसाठी थांबली की बापासाठी, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. ते परत टेबलाशी गेले.

कोट पुरा झाला तेव्हा थंडी ऐन भरात होती. सुनेनं तो थोरल्या मास्तरांच्या अंगात घातला आणि बटणं लावून दिली. ऊब चढली तशी त्यांची मान सरळ झाली. बोटांना जागोजागी सुया टोचल्या होत्या, म्हणून हात खिशात घालून ते आरशासमोर उभे राहिले. कोट ऐटदार होता, नाही असं नाही. पण डावा खांदा गोळा झाला होता, आणि कॉलर मानेपासून चांगली बोटभर सुटून उभी राहिली होती.

तेवढ्यात जुनं गिऱ्हाईक असलेले डॉक्टर आत आले. काखेत लिननच्या कापडाची गुंडाळी होती. दारातच ते थबकले.

"वा! थोरले मास्तर, नवा कोट! कुणी शिवला?"

थोरल्या मास्तरांनी आरशातून मुलाकडे पाहिलं. मग खिशातले हात बाहेर न काढता ते म्हणाले, "कुणी म्हणजे? आमच्या विघ्नानं. त्याच्या हातचा आहे."

डॉक्टर मास्तरांकडे वळले. मास्तरांच्या हातात कात्री होती. या गावात त्यांचं नाव होतं ते सरळ टाक्यावर, दुसरं काही त्यांच्याकडे नव्हतं. त्यांनी कात्री टेबलावर ठेवली.

"हो," ते म्हणाले. "मीच शिवला."

डॉक्टरांची नजर खांद्यावर गेली, तिथून कॉलरीवर, तिथून काखेतल्या कापडावर. छान आहे म्हणाले. मग त्यांना एक काम आठवलं. नंतर सवडीनं येतो म्हणून ते कापड घेऊन निघून गेले, आणि रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात शिरताना काचेतून दिसले.

थोरल्या मास्तरांनीही ते काचेतून पाहिलं. मग पुन्हा आरशाकडे वळले, हनुवटी वर केली, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली.

"सगळं बरंय," ते म्हणाले. "कॉलर तेवढी जमली नाही तुला."

मास्तर टेबलामागून बाहेर आले. त्या दुपारनंतर लोकरीला त्यांनी बोट लावलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला आणि ती उभी राहिलेली कॉलर तळव्यानं वडिलांच्या मानेवर दाबून धरली. हात काढला की ती पुन्हा उभी राहणार, हे त्यांना माहीत होतं. म्हणून हात तसाच राहू दिला.

"पुढच्या वेळी बघतो, अप्पा."