भोईरबाईंचं टिंब

"शेठ, बघितलंत! मेला सौदा! ठार मेला!"

भोईरबाई स्टेजवरून ओरडल्या आणि ऐरोलीच्या आमच्या कॉलेजचा हॉल पायापासून हादरला. पंख्यांवरची तीन वर्षांची धूळ सुटली आणि पहिल्या रांगेतल्या अंबाड्यांवर जाऊन बसली. आमच्या संस्थेचे विश्वस्त, ज्यांच्यासमोर प्राचार्यसुद्धा दोन पायांवर सरळ उभे राहत नसत, ते शेठ पकडलेल्या चोरासारखे रुमालाचं टोक हातात धरून उभे होते. त्या टोकाला बांधलेलं घुंगरू अजून वाजत होतं. समोर दोनशे खुर्च्या, त्यांवर तीनशे माणसं आणि त्यांच्या मांड्यांवर शंभरेक नारळ.

कार्यक्रम पुंजविज्ञानाचा होता. म्हणजे क्वांटमचा. त्यात नारळ कुठून आले, ते सांगतो. पण त्याआधी बाई सांगायला हव्यात, कारण बाई कळल्याशिवाय ते नारळ कळायचे नाहीत.

बाई आमच्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. राहायला नावड्याला. तिथून रोज स्कूटीवर यायच्या, आणि ती स्कूटी त्यांच्या आवाजाला घाबरूनच पळत असावी, कारण पेट्रोल भरताना तिला कुणीच कधी पाहिलं नाही. कॉलेजच्या गेटवर त्यांनी "ए, हेल्मेट कुठाय?" असं विचारलं की पुलापलीकडे मुलुंडला लोक स्वतःचं डोकं चाचपून बघत. बाई स्टाफमधल्या कुणालाच नावानं हाक मारत नसत. मी केमिस्ट्री. माझ्या शेजारचे बायोलॉजी. प्राचार्यांना एकेकाळी त्या "काय हो जिऑग्राफी" म्हणायच्या. ते प्राचार्य झाल्यावर "काय हो जिऑग्राफीसाहेब" म्हणायला लागल्या.

वर्गात त्या छापील मराठी बोलत. पण रंगात आल्या, किंवा रागावल्या, की 'ण' पहिला पळायचा, त्याच्यामागून 'आहे' पळायचा, आणि उरायची नावड्याची भोईरांची लेक. पोरं त्याचीच वाट बघत. "बाईंचा ण गेला रे!" अशी कुजबुज झाली की मागच्या बाकावरचेसुद्धा जागे व्हायचे, कारण खरं फिजिक्स तिथून पुढे सुरू व्हायचं.

आणि टिंब! बाईंच्या हातून काहीही सुटेल, टिंब सुटायचं नाही. मराठीत उत्तर लिहिणाऱ्या एका पोरानं चुंबकाचा 'चुबक' केला, तर बाईंनी अर्धा मार्क कापला. पोरगा रडकुंडीला आला. "मॅडम, फिजिक्स तर बरोबर आहे ना?"

"टिंब खाल्लंस ना? मग मार्क पन खाल्लास. पोट भरलं, आता बस."

कॉलेजचा वार्षिक अंक असो, लग्नपत्रिका असो, नाहीतर वडापावच्या गाडीवरचा बोर्ड, बाई पेन काढायच्याच. नाक्यावरच्या गाडीवाल्यानं 'पांव' लिहिलं होतं. तिथलं जास्तीचं टिंब त्यांनी नखानं खरवडून काढलं आणि मगच वडापाव खाल्ला.

पुंज म्हणजे काय, हे त्या ज्या पद्धतीनं शिकवत, ती पद्धत जगातल्या कुठल्याही पुस्तकात नाही. वर्गात मेथीची जुडी घेऊन यायच्या. "उजेड नळाच्या पाण्यासारखा येतो असं वाटतं ना? चूक. तो जुडीजुडीनं येतो. एक जुडी, दोन जुड्या. अर्धी मागितली तर मिळनार नाय. ही जुडी म्हनजे पुंज." तास संपला की जुडी घरी न्यायच्या. तीसेक वर्षं नावड्याच्या त्या घरात क्वांटमचीच भाजी झाली असणार.

अशा या बाईंच्या लॅबवर एक दिवस संकट आलं. एका कोचिंग क्लासला जागा हवी होती. शेठनी बाईंना बोलावलं. मीही सोबत होतो, म्हणजे दाराआड.

"बाई, हल्ली प्रॅक्टिकल करतं कोण?" शेठ म्हणाले. "पोरं जर्नल उतरवून काढतात. लॅब रिकामीच असते. जूनपासून तिथं क्लास बसू दे."

"पुढच्या आठवड्यात आपला क्वांटमचा कार्यक्रम हाय," बाई म्हणाल्या. ण केव्हाच गेला होता. "तो बघा आनि मग ठरवा."

शेठ माणूस वाईट नव्हे. एपीएमसीत आंब्याच्या गाळ्यावर हमालीपासून वर चढलेला. पैज म्हटली की त्यांच्या मिशीला पालवी फुटायची. "ठीक. हॉल भरून दाखवा. भरला तर लॅब तुमची. नाही भरला तर चावी माझ्या टेबलावर."

"भरेल," बाई म्हणाल्या आणि बाहेर आल्या. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "केमिस्ट्री, दार ऐकतं असं म्हनतात, आज दाराला चष्मा पन दिसला."

मी कामाला लागलो. फ्लेक्सचा मजकूर माझा. 'भव्य क्वांटम पुंज महोत्सव. स्थळ: कॉलेज हॉल व फिजिक्स लॅब. सर्वांनी यावे.' ज्यांना क्वांटम कळत नाही त्यांच्यासाठी पुंज, ज्यांना पुंज कळत नाही त्यांच्यासाठी क्वांटम, आणि ज्यांना दोन्ही कळत नाही त्यांच्यासाठी भव्य. मोठा पाहुणा बोलवावा असंही मी सुचवलं. बाई म्हणाल्या, "नको. शाल, नारळ, परिचय, आभार, यातच उजेडाचा कन दमून मरतो."

दोन दिवसांनी गावठाणाच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. मी तो पाहिला आणि स्कूटरसकट गटारात जाता जाता वाचलो. हत्तीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'भव्य क्वांटम पूजा महोत्सव. सर्वांनी सहकुटुंब यावे.'

पुंजचं टिंब गेलं होतं, पहिला उकार दुसरा झाला होता आणि ज ला काना फुटला होता. एका दोन अक्षरी शब्दात तीन चुका! वर 'सहकुटुंब' फुकट. मी तसाच फ्लेक्सवाल्याच्या दुकानात शिरलो आणि त्याच्या सात पिढ्यांचं शुद्धलेखन काढलं. तो बिचारा दोन्ही हात वर करून म्हणत राहिला, "सर, मला जसं सांगितलं तसंच छापलंय." मी म्हटलं, "तुझ्याशी मी आजपासून बोलणार नाही." आणि नाही बोललो.

मग मी बाईंना फोटो दाखवला. 'चुबक'ला अर्धा मार्क कापणारी बाई आता फ्लेक्सवाल्याला कच्चा खाणार, आणि तोही टिंबासकट, अशी माझी खात्री. बाईंनी फोटो मोठा करून पाहिला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "असू दे. आता कुठं उतरवत बसनार?"

मला वाटलं, बाई खचल्या. त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही. म्हणजे तिसरी भाकरी गेली नाही.

कार्यक्रमाच्या सकाळी हॉलमध्ये मोजून सदतीस मुलं होती. त्या कोचिंग क्लासनं नेमकी त्याच वेळी टेस्ट ठेवली होती. शेठ पहिल्या रांगेत बसून रिकाम्या खुर्च्यांकडे दयाळू नजरेनं बघत होते. चावी लॅबच्या दारावरून माझ्या डोळ्यांसमोर त्यांच्या टेबलावर जाऊन पडलेली मला दिसत होती.

आणि मग गेटवर झांजा वाजल्या.

गावठाणातल्या बायका आल्या. साध्या नाही आल्या. नऊवारी, गजरे, आरतीची ताटं, नारळ, सोबत नवरे, सासवा, नातवंडं. गेटवरच्या वॉचमननं चपला काढल्या. सगळ्यांत पुढे यमुनामावशी. आमच्या कॉलेजसमोर भाजी विकणारी ही बाई, बाईंच्या जुड्या हिच्याकडूनच यायच्या. तिनं मला विचारलं, "सर, क्वांटमआई कुठं बसवलीय? आमच्या कार्ल्याच्या आईची बहीन का कोन?"

मी केमिस्ट्रीचा माणूस, देवतांची नावं माझ्या अभ्यासक्रमात नाहीत. पण मागून बाईंचा आवाज आला. "या मावशी. लॅबमध्ये हाय. पन आधी हॉलमध्ये बसून तिची गोष्ट आयका."

पाच मिनिटांत हॉल भरला. दहा मिनिटांत भिंती बाहेर फुगल्या. शेठ खुर्चीत लहान होत गेले. आणि बाईंनी जुडी उचलली.

"अर्धी जुडी मिळत नाय," असं बाई म्हणाल्या, तशी यमुनामावशी उभी राहिली. "खोटं! मी देते अर्धी!"

"तू देतेस मावशी, निसर्ग देत नाय. निसर्ग लय कडक भाजीवाला हाय."

हॉल खो खो हसला आणि तिथून तो बाईंचा झाला. मग त्यांनी आपल्या वडिलांना स्टेजवर बोलावलं. आबा, वय पंच्याऐंशी, फळबाजारात जन्म गेलेला. त्या काळात आंब्याचा भाव तोंडानं ठरत नसे. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली हातात हात घालत आणि बोटं दाबून भाव बोलत. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नसे. आबांनी रुमाल पसरला आणि यमुनामावशीला म्हणाले, "ये पोरी, लाजू नुको, बोटं धर."

"आबा, ह्या वयात हात मागता?" मागून कुणीतरी ओरडलं.

"त्या वयात भाव परवडला नाय!" आबा म्हणाले. त्या टाळ्या थांबेस्तोवर मी चहा पिऊन आलो असतो.

बाईंनी रुमालाच्या टोकाला घुंगरू बांधलं. "आता आयका. बाजारात कोनी रुमाल उचलून चोरून बघितलं तर चोर सुटतो, आपल्याला कळत नाय. पन उजेडाच्या एकेका कनावरून निरोप पाठवला, तर त्या रुमालाला निसर्गानंच घुंगरू बांधलंय. बघनाऱ्यानं बघितलं की कन बदलतोच. गुपचूप बघनं हा प्रकारच नाय."

त्या सदतिसांतली एक मुलगी उठली. "मॅडम, मग ओटीपी चोरणारा चोर येणारच नाही?"

"येईल की. पन वाजत येईल."

इथं शेठना राहवलं नाही. जुना बाजार रक्तात उसळला. "मी उभा जन्म रुमालांत काढलाय. न वाजवता बघून दाखवतो!" ते स्टेजवर चढले. पन्नास वर्षांचा अनुभव बोटांच्या टोकाशी आणून त्यांनी टोक इतकं हलकं उचललं, इतकं हलकं, की त्यापुढे फुलपाखरू म्हणजे हमाल. आणि घुंगरू वाजलं.

"शेठ, बघितलंत! मेला सौदा! ठार मेला!" बाई ओरडल्या. "आता हा टाकून द्यायचा. नवा रुमाल, नवी बोटं, पहिल्यापासून!"

शेठसुद्धा हसत सुटले. यमुनामावशीनं तिथूनच मुलाला फोन लावला. "कुठं बसलायस? टेस्ट? मर ती टेस्ट! हिकडं शेठना चोरी करताना पकडलंय, पळत ये!" तिचं बघून आणखी पंचवीस आयांनी फोन काढले. दहा मिनिटांत कोचिंग क्लासमध्ये प्रश्नपत्रिका तेवढ्या उरल्या.

मग सगळी वरात लॅबकडे निघाली. बाईंनी आत अंधार केला आणि लाल लेसरचा किरण आबांच्या रुमालाच्या विणीतून सोडला. समोरच्या भिंतीवर एक ठिपका पडायला हवा होता. पडले कित्येक, आडव्या-उभ्या रांगांत, जसं कुणी मोजून कुंकवाची बोटं उठवावीत. बायकांनी हात जोडले. बाई पहिल्यांदाच हळू बोलल्या. "आता उजेड इतका कमी करा की एका वेळी एकच कन सुटेल. तरी हळूहळू हीच नक्षी भरते. एकटा कन, आनि त्याला सगळ्या रांगा ठाऊक. मी चौतीस वर्षं शिकवते हाय, मना अजून कळलेलं नाय. तुमी शोधा."

कुणी काही बोलायच्या आत यमुनामावशीनं लॅबच्या उंबरठ्यावर नारळ फोडला. पाणी उडालं ते थेट शेठच्या तोंडावर. मावशी त्यांच्याकडे वळून म्हणाली, "शेठ, ह्या खोलीला टाळं लावनार असं आयकलं. खरं का?"

गाळ्याचं शटर उघडण्याआधी रोज उंबरठ्याला हात लावून कपाळाला लावणारा माणूस तो. नारळ फुटलेल्या उंबरठ्याकडे त्यांनी पाहिलं. मग शंभर नारळांकडे पाहिलं. मिशीवरचं पाणी पुसलं.

"कोण म्हणतं?" शेठ म्हणाले.

लॅब राहिली. अजून आहे. दर वर्षी तो कार्यक्रम होतो आणि दर वर्षी उंबरठ्यावर नारळ फुटतो. नवीन आलेल्या फिजिक्सच्या सरांना वाटतं, तो अभ्यासक्रमातच आहे.

बाई यंदा निवृत्त झाल्या. परवा नावड्याला त्यांच्या घरी गेलो होतो. ओट्यावर बसून त्या लोणच्याच्या कैऱ्या चिरत होत्या, आबा आत कुणालातरी भाव समजावत होते. जुन्या गोष्टी निघाल्या. मी म्हटलं, "बाई, बाकी सगळं विसरलो, पण त्या फ्लेक्सवाल्याला मी माफ केलेलं नाही. तीन वर्षं झाली, समोरून आला तर रस्ता बदलतो. एका शब्दात तीन चुका म्हणजे काय!"

बाईंनी कैरीवरून नजर उचलली नाही.

"बोला त्याच्याशी," त्या म्हणाल्या. "प्रूफ मीच वाचलं होतं."