पाचवं प्लास्टर

हॉस्पिटलात त्यांना सगळे प्लास्टरमामा म्हणत. मोठमोठे सर्जनसुद्धा मोडलेलं हाड दिसलं की आधी “मामांना बोलवा” म्हणायचे. अडतीस वर्षं त्यांनी लोकांचे हातपाय पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळले आणि सहा आठवड्यांनी करवत चालवून मोकळे केले. ती करवत पाहून भलेभले पैलवान रडकुंडीला येत. मग ती कातडी कापत नाही, हे मामा आधी स्वतःच्या तळहातावर चालवून दाखवत.

निवृत्तीच्या दिवशी कँटीनमध्ये छोटासा समारंभ झाला. अधीक्षकांनी सगळ्यांना पाठ झालेली गोष्ट पुन्हा सांगितली. बाविसाव्या वर्षी मामा फार सुरेख व्हायोलिन वाजवायचे. शहरातल्या मोठ्या वाद्यवृंदात एक खुर्ची रिकामी झाली. निवडीची चाचणी मंगळवारी सकाळी दहाला, आणि नेमकं त्याच वेळी एका बाळाचं पाचवं प्लास्टर. मामा बाळाकडे गेले. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेत सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती त्यांची ताई. मामांना मात्र कुठे तोंड लपवू असं झालं होतं.

त्या गोष्टीतलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

बाळाची दोन्ही पावलं जन्मतः आत वळलेली होती. अशी पावलं दर आठवड्याला थोडी थोडी सरळ करत नवं प्लास्टर घालतात, सहा-सात वेळा. पट्टी कोमट पाण्यात बुडवायची, बुडबुडे थांबले की पिळायची, कापसावरून गुंडाळायची आणि प्लास्टर तापून घट्ट होईपर्यंत पाऊल अंगठ्याने धरून ठेवायचं. ते धरणं ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे. मागच्या वेळी पाऊल कुठवर आलं होतं, ते त्या हातालाच ठाऊक असतं. म्हणून पहिलं प्लास्टर ज्याने धरलं, त्यानेच शेवटपर्यंत धरायचं, असा डॉक्टरांचा दंडक होता. मामा तेव्हा तिथे हंगामी नोकर होते. हे काम आपल्याला आवडायला लागलंय, हे त्यांनी घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

घरात व्हायोलिन एकच होतं. दोघं भावंडं एकाच मास्तरांकडे शिकली, आणि खरं सांगायचं तर ताईचा हात जास्त साफ होता. पण एकाने कमवायला हवं होतं. ताई शिवणाच्या कारखान्यात लागली आणि सकाळचा रियाज धाकट्याच्या वाट्याला आला. वाद्यवृंदाच्या चाचणीला आधी नाव नोंदवायचंही नव्हतं. दहाच्या आत वाद्य घेऊन हजर राहायचं, की झालं.

सोमवारी बाळाची आई प्लास्टरच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. चाचणीचं तिच्या कानावर आलं होतं.

“तुम्ही खुशाल जा,” ती म्हणाली. “मी बाळाला बुधवारी आणते. डॉक्टरांना विचारलंय मी. एका दिवसाने काही बिघडत नाही म्हणाले.”

“नाही नाही,” मामा घाईघाईने म्हणाले, “मंगळवारच बरा.”

तीन दिवस झाले होते, व्हायोलिनचा गज हातात घेतला की त्यांचा उजवा हात थरथरत होता. अनोळखी माणसांसमोर वाजवायचं आणि अर्ध्यातच “पुरे” ऐकायचं, ह्या विचाराने घास उतरत नव्हता. बाळाचं पाऊल धरताना तोच हात दगडासारखा स्थिर असायचा.

मंगळवारी सकाळी त्यांनी घरात सांगितलं, “बाळाला टाकून मी कसा जाऊ?” वडिलांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. ताई आतल्या खोलीत जाऊन रडली. संध्याकाळी डोळे पुसून तिनेच ही गोष्ट शेजारीपाजारी अभिमानाने सांगितली. पुढे बाळ चालायला लागलं, मामांची नोकरी कायम झाली, आणि व्हायोलिन एक दिवस कुणालातरी देऊन टाकलं. कामाचा पश्चात्ताप मामांना कधीच झाला नाही. ते काम त्यांनी जीव ओतून केलं. पण कुणी ती गोष्ट काढली की ते उठून बाहेर जात, आणि लोक म्हणत, बघा किती विनय.

समारंभानंतर ते ताईच्या घरी गेले. ती स्वयंपाकघरात मटार सोलत बसली.

“ताई, मी बाळासाठी थांबलो नव्हतो गं.”

“म्हणजे?”

त्यांनी सगळं सांगितलं. बाळाची आई, बुधवार, थरथरणारा हात. “घाबरलो होतो. पार गळपटलो होतो,” ते म्हणाले. आता ती चिडेल किंवा समजूत घालेल, दोन्हीची त्यांची तयारी होती.

ताईने हातातली शेंग खाली ठेवली. “मी त्या दिवशी रजा काढली होती. तुझ्याबरोबर यायला. आठवतं?”

“आठवतं.”

“इस्त्रीचे कपडे घालून, वेणी घालून बसले होते. व्हायोलिन दिवसभर कोपऱ्यात पडून होतं. भीती वाटते एवढं म्हणाला असतास, तर तुझ्या जागी मी गेले असते रे.”

त्या मंगळवारचा मामांनी किती वेळा विचार केला होता. त्यात बाळ होतं, परीक्षक होते, ते स्वतः होते. ताई त्यात कधीच नव्हती.

“मला सुचलंच नाही,” ते म्हणाले.

“मला सुचलं होतं,” ताई म्हणाली. “पण तू बाळाचं नाव घेतलंस. मग मी कुठल्या तोंडाने व्हायोलिन मागणार होते?”