मामीच्या चपलेचा नंबर

मामाशी कोणी बोलायला लागलं की मामा त्याच्या तोंडाकडे बघत नाही, पायांकडे बघतो. नवख्या माणसाला वाटतं, याचं काहीतरी खाली पडलंय. एकदा दवाखान्यात डॉक्टर त्याला रक्तदाबाबद्दल चांगलं गंभीरपणे समजावत होते, तर हा मध्येच म्हणाला, "साहेब, बूट घेताना डावाच घालून बघितला होतात ना? तुमचा उजवा पाय मोठा आहे." डॉक्टरांनी तिथल्या तिथे बूट काढून खात्री करून घेतली. रक्तदाबाचं बोलणं राहिलं ते राहिलंच.

चौतीस वर्षं तो एकाच चपलांच्या दुकानात विक्रेता आहे. मालक दोनदा बदलले, पाटी एकदा बदलली, मामा तोच. सगळी बाजारपेठ त्याला नंबरकाका म्हणते, कारण गिऱ्हाईक अजून दारात असतं तेव्हाच तो आत वळून म्हणतो, "आठ, रुंद पाय," आणि खोकं काढायला लागतो. मी त्याची चूक व्हावी म्हणून लहानपणी तासन्‌तास दुकानात बसायचे. एकदाही झाली नाही.

या उन्हाळ्यात मी दोन महिने त्याच्याकडे राहायला गेले होते. घरोघर फिरून पाण्याचे मीटर वाचायचं काम लागलं होतं. कंपनीने सांगितलं होतं बूट घाला, आणि त्या उन्हात बुटांत माझी बोटं अक्षरशः शिजत होती. चौथ्या दिवशी मी बूट पलंगाखाली सरकवले आणि सकाळी दुकान उघडता उघडता मामापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, एक स्लिपर दे, पटकन.

"संध्याकाळी ये," मामा म्हणाला.

"अरे, मी आत्ता आलेय!"

"आत्ता तुझा पाय झोपेतून उठलाय. दिवसभर उन्हात चाललीस की तो फुगणार. या पायावर चप्पल घेतलीस तर दुपारपासून पट्टा चावायला लागेल, आणि मग तू मला शिव्या देशील."

शिव्या मी आत्ताच देत होते, मनात. पण मामाच्या दुकानात मामाचं चालतं, मालकाचंही नाही. संध्याकाळी परत गेले.

माझ्या डोळ्यांत एक सोनेरी मण्यांची, पातळ तळाची जोडी भरली होती. मामाने ती दोन बोटांत धरून दुमडली. ती बरोबर मधोमध वाकली, वर्तमानपत्राची घडी घालावी तशी. "चप्पल वाकावी तर जिथे बोटं वाकतात तिथे. मध्ये वाकली की तुझ्या तळव्याला आधार कोण देणार, हे मणी?" मग त्याने दुसरी काढली, टाचेपाशी अंगठा दाबला आणि मला दाखवलं की खळगा भरून यायला किती वेळ लागतो. तो भरलाच नाही. तीही गेली. तिसरीचा अंगठ्याजवळचा खुंट कडक प्लास्टिकचा होता. दोन दिवसांत बेचक्यात फोड येईल म्हणाला. चौथी मात्र मऊ होती, वजनाला हलकी होती, मागे टाचेबाहेर करंगळीएवढी जागाही उरत होती. मी म्हटलं, झालं!

"चालून दाखव. काचेपर्यंत जा आणि ये."

मी गेले आणि आले.

"बोटं बघ तुझी."

बघितलं तर माझी दहाही बोटं चपलेला घट्ट धरून बसली होती.

"बोटांनी चप्पल धरून ठेवायला लागली ना, की समजायचं ती आपली नाही," मामा म्हणाला. "बोटांना चालू दे. त्यांना हमाली कशाला लावतेस?"

पाचवी जोडी बसली. तपकिरी, साधी, शाळेच्या मुख्याध्यापिका घालतील अशी. मी नाक मुरडलं, पण पायांनी माझं ऐकलं नाही. ती घालून दिवसभर चालले तरी पायात काही आहे याची आठवण व्हायची नाही.

त्याच संध्याकाळी दुकानात एक बाई आली होती, कडेवर तान्हं मूल. सहा नंबरच हवा म्हणून हटून बसली होती. मामा तिच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसून अगदी मायेने सांगत होता, "ताई, बाळंतपणानंतर पाय पसरतो. सगळ्यांचाच. त्यात लाजायचं काय? सात घ्या." बाईने सात घेतली, चालून बघितली आणि तिचा चेहराच सैल झाला. पैसे देताना ती मामाला म्हणाली, "तुमच्या घरच्यांची मजा आहे बाई."

मामा खुलला. "आमच्या हिचा पाच म्हणजे पाच! लग्न झालं त्या आठवड्यात मीच पहिली जोडी घालून दिली होती. तीस वर्षं झाली. दर उन्हाळ्याला नवी जोडी नेतो, मोजायचीसुद्धा गरज पडत नाही."

हे वाक्य मी लहानपणापासून शंभरदा ऐकलंय. त्याच्या आधीचं, पाय पसरण्याचं, तेही शंभरदा ऐकलंय. दोन्ही एकामागोमाग ऐकून मला तेव्हाही काही खटकलं नाही, त्यामुळे एकट्या मामाला दोष देण्यात अर्थ नाही.

मामी घरी पडदे शिवते. पायमशीनवर, अनवाणी. घरात चपला घालायची पद्धत नाही, दोघांच्या चपला दाराबाहेर. रोज आठ वाजता मामा दुकानातून यायचा, उभ्यानेच पाणी प्यायचा आणि मामी मशीनवर कापड टाकून उठायची. मग दोघं पाय मोकळे करायला कालव्याच्या पुलापर्यंत जायची. मामाला मुलं दोन, दोघंही नोकरीनिमित्त लांब. दुकानात दिवसभर तो पायांशी बोलतो, तोंडाने बोलायचं ते सगळं या पाऊण तासासाठी साठवलेलं असतं. मी गेले तेव्हा कळलं की तीन आठवड्यांपासून मामी जात नाही.

कधी पडदे उद्या द्यायचे असायचे, कधी डोकं दुखायचं, कधी उकाडा. "तुम्ही या जाऊन," असं म्हणायची, वर न बघता. मामा एकटा निघायचा आणि दहा मिनिटांत परत यायचा. पहिल्यांदा त्याला वाटलं तिचे गुडघे गेले. तेलाच्या दोन बाटल्या आणल्या. मग वाटलं अशक्तपणा आहे, तर शक्तीचं औषध आणलं. मामी सगळं घ्यायची आणि फिरायला यायची नाही.

एकदा तो बाल्कनीत माझ्याशेजारी येऊन बसला. बराच वेळ खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय बघत राहिला.

"माझा कंटाळा आला असेल का गं तिला?" तो म्हणाला. "रोज तेच तेच सांगतो मी. अमक्याचा नऊ, तमक्याचा दहा. कोणाला येणार नाही कंटाळा?"

मला गलबलून आलं. मामा कधी असं बोलत नाही. मी काहीतरी थट्टा करून वेळ मारून नेली.

रविवारी दुपारी मामा दुकानात आणि मी घरी. कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेले, तर कोपऱ्यात उन्हात मामीची चप्पल. पट्ट्यांच्या खाली एक काचेची बाटली कोंबलेली, दुसऱ्या पायात दुसरी. गुडघ्याच्या तेलाच्याच बाटल्या होत्या त्या. मी चप्पल उचलून बघितली. तळाचा मागचा काठ टाचेने दाबून दाबून बाहेर कलला होता. खाली पुसट आकडा होता, पाच.

"मामी, हे काय आहे?"

मशीन थांबलं. "उन्हात ठेवलं की पट्टे जरा ताणतात," मामी म्हणाली.

"घट्ट होतात?"

"होतात थोडे."

"टाच बाहेर येते का?"

"तुला काम नाहीये का दुसरं?"

मी तिच्यापुढे फरशीवर बसले आणि तिचा पाय सरळ हातात घेतला. करंगळीवर कुरूप होतं, वाटाण्याएवढं, लालबुंद. मी नुसतं बोट लावलं तर तिने पाय ओढून घेतला.

"इतकी वर्षं चालत होते मी तशीच," ती म्हणाली. "यंदा हे झालं आणि टेकवेना. बरं होईल. तू मामाला बोलू नकोस, शपथ आहे तुला."

आता मी काही तोंडात मिठाची गुळणी धरून बसणाऱ्यांतली नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तरी दोन दिवस गप्प राहिले.

तिसऱ्या दिवशी मामा घरी आला तो काखेत खोकं घेऊन. यंदाची जोडी. निळे पट्टे, कापडाचं अस्तर, दुकानातली सगळ्यात चांगली. त्याने ती मामीच्या पुढे फरशीवर ठेवली आणि हात चोळत उभा राहिला. "घाल. आणि चल पुलापर्यंत. फार नाही गं, अर्ध्यातून परत येऊ."

मामीने पाय घातले. उभी राहिली. हसून म्हणाली, "छान आहे हो." मग भिंतीला हात टेकून बसली. "आज नको पण. उद्या बघू."

मामाचा चेहरा असा पडला की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग कोणाचा आला, मलाही सांगता येणार नाही. दोघांचाही आला.

"मामा," मी म्हटलं, "मामीचा पाय मोज."

"पाच आहे."

"मोज तरी!"

"मला शिकवू नकोस. तू जन्माला यायच्या आधीपासून..."

"आत्ता मोज! अख्ख्या गावाला उभं करून, चालवून, बोटं बघून चपला देतोस. हिला एकदा तरी चालून दाखव म्हणालास?"

मामी माझ्यावर डोळे वटारत होती. मामा हसायला गेला आणि अर्ध्यात थांबला. त्याने मामीच्या पायाकडे बघितलं. परक्या माणसाच्या पायाकडे बघतो तसं, नीट. मग त्याने टेबलावरून पडद्याच्या नक्षीचा कागद आणि पेन्सिल घेतली आणि खाली बसला.

"ऊठ. दोन्ही पायांवर भार दे," तो म्हणाला.

तिच्या टाचेमागे पेन्सिल उभी धरून त्याने पायाभोवती रेघ ओढली. करंगळीपाशी आल्यावर पेन्सिल थांबली. मग त्याने तो भाग अगदी लांबून, न टेकवता काढला. मामीच्याच शिवणाच्या टेपने मापलं. दोनदा मापलं.

"सात," तो म्हणाला.

मामा फरशीवर तसाच बसून राहिला, कागद हातात धरून.

"कधीपासून?"

"धाकटी झाली तेव्हापासून," मामी म्हणाली. धाकटी आता चोवीस वर्षांची आहे.

"बोलली का नाहीस?"

"पहिल्या वर्षी बोलणारच होते. पण तुम्ही इतक्या खुशीत खोकं उघडलंत. मग दुसऱ्या वर्षी वाटलं, आता काय सांगायचं. आणि दुकानात तर तुम्ही सगळ्यांना सांगून बसलेले." मामीने अंगावर पदर नसताना पदर सारखा करावा तशी गाऊनची बाही नीट केली. "चौतीस वर्षांत तुमचा एक नंबर चुकला नाही म्हणतात लोक. तो माझ्याच पायाने कशाला चुकवायचा?"

मामाने चष्मा काढला. रडला, सरळ रडला, आडपडदा न ठेवता. मामी त्याला "अहो, पुरे," म्हणत राहिली. मी स्वयंपाकघरात गेले. तिथे मला काही काम नव्हतं.

कुरूप काढून जखम भरून यायला बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी मामी कित्येक वर्षांनी दुकानात गेली, संध्याकाळी, पाय फुगलेला असताना. मामाने तिला खुर्चीवर बसवलं, बुटकं स्टूल ओढलं आणि सहा जोड्या काढल्या. प्रत्येकीत चालायला लावलं. शेवटची जोडी घालून ती काचेपर्यंत गेली, परत आली, आणि तिची बोटं पसरून निवांत पडलेली होती. दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर मामा मोठ्याने म्हणाला, "सात." मग जुन्या गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाला, "चोवीस वर्षं मी चुकीचं सांगत होतो."

त्या दिवशी आम्ही तिघं तिथूनच कालव्याकडे निघालो. पहिल्या चौकापर्यंत मामी जपून चालली. मग पाय टाकत सुटली. हात हलवत, मान वर करून, दुकानांच्या पाट्या वाचत. मामा माझ्याशी बोलत होता, बघतो तर ती वीस पावलं पुढे.

"अगं, थांब!" तो ओरडला.

"तुम्हीच या की भराभर!" मामी मागे न बघता म्हणाली.

मामा धापा टाकत थांबला. तिच्याकडे बघत राहिला. या खेपेला पायांकडे नाही, तिच्याकडे.

"मला वाटायचं, ही मुळातच हळू चालणारी बाई आहे," तो म्हणाला. "इतकी वर्षं मी तिच्यासाठी हळू चालत होतो गं."